दोन पायांचा प्रश्न

माझा मावसभाऊ कोलोरॅडोत आयटीत आहे आणि चक्क शिकारी! (आपल्याकडे १९७२च्या कायद्यामुळे हे बंद, तिथे लायसन्स काढून सीझनमध्ये चालतं.) परवा फोनवर म्हणाला, "रायफलला बायपॉड घ्यायचाय. तू गॅजेट्सवर लिहितेस ना, सांग."

थोडं वाचून मी ऐटीत सांगितलं, "६ ते ९ इंचांचा घे. बुटका तितका स्थिर."

दादा हसला. "अगं, रेंजवर पालथं पडून नेम धरायला तो झकास. डोंगरात गुडघाभर गवत! स्कोपमधून गवतच दिसणार."

बसून मारायचं तर १३.५ ते २७ इंचांचा हवा. तो जड, पाय पूर्ण लांबवले की जरा डुलतो. शिवाय रायफल डावी-उजवीकडे कलती करता यायला हवी, कारण उतारावर जमीन सपाट कुठली? आणि स्प्रिंगचे पाय हातानं धरूनच उघडायचे. 'खट्ट' झालं की एल्क पसार.

मी म्हटलं, एवढं कशाला? मग कळलं. गेल्या सीझनला सॅक टेकवून मारलेली गोळी मागे लागली होती. अंधार पडेपर्यंत तो रक्ताचा माग काढत होता. जनावर सापडलंच नाही.

त्यानं लांब पायांचाच घेतला. वजन भरून काढायला सॅकमधून थर्मास काढलाय.