तांदूळ वाटायला साहेब कशाला?

हा प्रश्न पुण्यात एका व्याख्यानात विचारला गेला. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उगीच उघडझाक करत होतो. उठून बोलावं असं वाटलं होतं, पण आभारप्रदर्शन सुरू झालं आणि मागे बटाटेवड्यांचा वास सुटला. या दोहोंपुढे आजवर कुणाचा प्रतिवाद टिकलेला नाही.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बांगलादेशात कॉक्स बझारला दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या निर्वासित आहेत. त्यांना हवाय तांदूळ, डाळ, तेल, औषधं आणि डोक्यावर ताडपत्री. ते पोचवायला संस्थांची ही गर्दी, प्रत्येक संस्थेचा एक प्रमुख, प्रमुखाला समुद्रकिनारी हॉटेल, पांढरी गाडी आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैठका. "बैठकांनी कुणाचं पोट भरलंय का?" (टाळ्या.) एकाहत्तर साली आपण पूर्व पाकिस्तानातून आलेली एक कोटी माणसं सांभाळली, तेव्हा कुठे होते हे साहेब? तेव्हा पैसे स्थानिकांच्या हाती द्या आणि साहेबांना घरी पाठवा. त्यांनी हे याहून लांब आणि याहून सुंदर सांगितलं, पण मुद्दे एवढेच होते.

त्या पांढऱ्या गाडीत मी दोन वर्षं बसलो आहे. म्हणून हा लेख.

गाडीचं आधी उरकतो: आरोप खरा आहे. सकाळी कॉक्स बझारहून उखियाच्या छावण्यांकडे निघालेली पांढऱ्या गाड्यांची रांग पाहून मलाही लाज वाटायची. हॉटेलबद्दल: माझ्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता, जनरेटर दिसायचा.

आता बैठका. त्या कशासाठी, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

म्यानमारच्या सैन्याच्या कारवाईमुळे २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदी ओलांडून, शेताडीतून, होड्यांतून उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत आली. दोन्ही मिळून मूळ वस्ती पाचेक लाखांची. म्हणजे यजमानांहून पाहुणे जास्त. त्यांतले बहुतेक कुतुपालाँग-बालुखालीच्या टेकड्यांवर उतरले. ते वनखात्याचं जंगल होतं, हत्तींच्या जाण्यायेण्याची वाट होती. जंगल तोडून, टेकड्या कापून पायऱ्या केल्या आणि बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. हत्ती आपल्या जुन्या वाटेने आले. माणसं मेली.

त्या सुरुवातीच्या दिवसांत वक्त्यांच्या स्वप्नातली मदत प्रत्यक्षात आली होती. ना साहेब, ना बैठक. देशभरातून सामान्य माणसं ट्रक भरभरून आली. मी त्यांना हसत नाही. इतकी मोठी मनं मी फार कमी पाहिली आहेत. पण ट्रक रस्त्यात उभा करून वरून कपडे आणि खाऊची पाकिटं फेकली जायची. जो धट्टाकट्टा त्याला मिळायचं. रस्ता तुंबायचा आणि मागे औषधांची गाडी अडकायची. सप्टेंबरमध्ये अशाच एका वाटपाच्या चेंगराचेंगरीत एक बाई आणि दोन मुलं मेली. म्यानमारच्या सैन्याच्या तावडीतून वाचून आलेली माणसं कपड्यांच्या गठ्ठ्यापायी गेली. (आमच्या पिढीने १९९३ साली भूकंपानंतर किल्लारीला जुन्या कपड्यांचे ढीग पाहिले होते. तेव्हाही एका गृहस्थांशी माझं भांडण झालं होतं. ते म्हणाले होते, देणाऱ्याचा भाव बघावा. मी म्हटलं होतं, भाव बघतो, पण लातूरच्या बाईला या स्वेटरचं काय करायचं ते तुम्ही सांगा. ते भांडण अजून मिटलेलं नाही, गृहस्थ बदलले.)

मग संस्था आल्या आणि प्रत्येकीने संडास बांधले. एका उतारावरची गोष्ट सांगतो. तिथे तीन संस्थांचे संडास होते, प्रत्येकावर देणगीदाराची पाटी. दहा-बारा हात खाली चौथ्या संस्थेची हातपंपाची विहीर, तीही उथळ. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं आणि आपापल्या अहवालात आकडा लिहिला होता. पावसाळ्याच्या तोंडावर खड्डे भरले. ते उपसायचे तर गाडी उतारावर येत नाही, म्हणजे माणसांनी बादल्या आणि पिंपं घेऊन उतरायचं. उतरून टाकायचं कुठे? खाली मोकळी जागा होती, पण ती वनखात्याची. तिच्या पलीकडे एका स्थानिक शेतकऱ्याचं भात होतं आणि आधीच त्याच्या खाचरात नको ते वाहून येत होतं. तो कोयता घेऊन उभा राहिला नाही हे त्याचे उपकार.

पुढचं सगळं बैठकांत झालं. आधी तिन्ही संस्थांची, खड्डे कुणाचे यावर. मग विहीरवाल्यांची, ती बंद करण्यावर; विहिरीवर पाटी असल्याने त्यांना वर विचारावं लागलं. मग सीआयसींकडे. सीआयसी म्हणजे छावणीचा प्रभारी अधिकारी, बांगलादेश सरकारचा माणूस. त्याच्या सहीशिवाय छावणीत एक बांबूही रोवता येत नाही, आणि रोवता येऊ नये हेच बरोबर आहे. त्यांनी पहिल्या दिवशी चहा पाजला आणि नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहा पाजला आणि वनखात्याकडे पाठवलं. तिथून निर्वासित मदत व पुनर्पाठवणी आयुक्तांच्या कचेरीत. मग शेतकरी, त्याचा भाऊ, युनियन परिषदेचा सभासद आणि मी असे चौघे बाकावर. शेतकऱ्याला आम्ही बांध आणि पाट करून दिला. निधी देणाऱ्यांना तो 'निर्वासितांवरचा खर्च' वाटेना, म्हणून आणखी एक बैठक. मी मोजल्या होत्या. अकरा. शेवटी जागा मिळाली, खड्डे उपसले गेले, विहीर बुजली, नवी खोल विहीर वरच्या अंगाला झाली.

बुजवलेल्या विहिरीचा फोटो कुणी कॅलेंडरवर छापत नाही. तांदळाच्या पोत्याचा छापतात, त्यामुळे व्याख्यात्यांना तांदूळ तेवढा दिसतो.

परक्या देशातल्या मदतकार्याच्या प्रमुखाचं काम काय, तर पाहुण्यांच्या वतीने यजमानाच्या ओसरीवर बसून राहणं; आणि तो स्वतःही त्या घरचा पाहुणाच. बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. सरकारी कागदांत या माणसांना निर्वासित म्हणत नाहीत. 'बलपूर्वक वास्तुच्युत म्यानमार नागरिक' म्हणतात. हा शब्द नुसता लांब नाही, त्यात एक अख्खं परराष्ट्र धोरण आहे: ही म्यानमारची माणसं आहेत आणि ती परत जाणार आहेत. त्यातूनच बाकीचे नियम निघतात. पक्की भिंत नको, कारण पक्की भिंत म्हणजे मुक्काम. शाळा म्हणायचं नाही, 'शिक्षण केंद्र' म्हणायचं. निर्वासिताला नोकरी द्यायची नाही. तो 'स्वयंसेवक', आणि त्याला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. परदेशी पैसा आणायचा तर ढाक्याच्या एनजीओ कार्यालयाकडून एफडी-सात या नमुन्यावर मंजुरी, आणि ती थोड्या महिन्यांपुरती. मराठी माणसाला एफडी म्हटलं की व्याज आठवतं. तिथे मुदत संपायची चिंता आठवते.

हे सगळं जुलमी आहे असं म्हणून टाकणं सोपं आहे. तरुणपणी मी म्हटलंही असतं. पण उखियाच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. जंगल गेलं, बाजारात भाव चढले, मजुरी उतरली, रस्ता गाड्यांनी उखडला. शाळेतले मास्तर आणि कॉलेजातली पोरं संस्थांच्या नोकऱ्यांत गेली. सुरुवातीला याच माणसांनी स्वतःच्या अंगणात निर्वासितांना झोपू दिलं होतं. त्यांच्या सरकारशी वाद घालायला जाताना आवाज जरा खालचा ठेवावा. मग कधीतरी २०१८ साली स्वयंपाकाचा गॅस वाटायला परवानगी मिळते आणि जळणासाठी जंगलात जाणाऱ्या बायका-पोरांची पायपीट थांबू लागते. ते काम कुठल्याही तांदळाहून मोठं होतं, आणि ते झालं चहाच्या पेल्यांवर.

आता एकाहत्तर. हा वक्त्यांचा हुकमी एक्का. तो टाकताना त्यांनी एक पाऊल पुढे येऊन आवाज उंचावला होता. होय, एक कोटी माणसं आली आणि देशाने सांभाळली. पाच पैशांचं जादा तिकीट प्रत्येक पत्रावर लावून सांभाळली. पण साहेब नव्हते? कलकत्त्यात पुनर्वसन खात्याची खास कचेरी होती आणि तिच्यावर कर्नल लुथ्रा नावाचे अतिरिक्त सचिव बसले होते. शेकडो छावण्यांचा हिशेब, रेल्वेचे डबे, परदेशी संस्थांपैकी कुणाला कुठवर येऊ द्यायचं, सगळं त्या टेबलावरून चालत होतं. आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-सोडा-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. पुस्तकात हे मान्य नव्हतं. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते साडेतीनच्या आसपास आलं. जिन्नस साधे, बाजारात मिळणारे होते; नियम मोडून जबाबदारी अंगावर घेणारा एक माणूस हवा होता. माझ्या विरोधात आणलेला साक्षीदार असा माझ्याच बाजूने बोलतो.

स्थानिकांच्या हाती पैसे द्या, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. २०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत चौथा हिस्सा शक्य तितका थेट देशी आणि स्थानिक संस्थांना जाईल. गेला नाही. इथे वक्त्यांनी हवं तेवढं ओरडावं, मी टाळ्या वाजवीन. फक्त 'स्थानिक' म्हणजे कोण ते सांगावं. ढाक्याचा पदवीधर उखियात पुणेकराइतकाच परका असतो. २०१८ च्या पावसाळ्याआधी वादळाच्या सूचनांची तयारी चालली होती. प्रमाण बंगालीत 'झड' म्हणजे वादळ. चितगावी आणि रोहिंग्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ होतो पाऊस. आपल्याही 'झड'चा अर्थ त्याच्या जवळचा, श्रावणात लागून राहते ती. म्हणजे ढाक्याचा भोंगा ओरडणार 'वादळ येतंय' आणि टेकडीवरची बाई ऐकणार 'पाऊस येतोय', आणि ती कपडे आत घेऊन गप्प बसणार. भोंगा अगदी देशी होता.

आणि निर्वासितांमधल्या 'स्थानिकां'चं काय? घाईच्या दिवसांत लष्कराने वस्तीवस्तीला एकेक मुकादम नेमला, त्याला 'माझी' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द फार आपुलकीचा वाटतो. बंगालीत त्याचा अर्थ नावाडी. काही नावाडी चांगले होते. काहींना नावेत बसायचे पैसे लागत. शिधापत्रिकेच्या यादीत नाव घालायचं तर आधी त्यांच्याशी बोलावं लागे. बायका तर त्यांत जवळपास नव्हत्याच. थेट यांच्या हाती पैसे द्यायचे?

मग माझं म्हणणं तरी काय? टीका करताना पानं भरली, इथे मात्र पेन अडखळतंय, हे मला दिसतं. प्रमुख असावा, त्याला सहीचा अधिकार असावा, निधी देणाऱ्यांना आणि सरकारलाही 'नाही' म्हणता यावं. त्याने आठवड्यातला एक दिवस तरी रांगेत उभं राहावं, ज्या रांगेत लोक उभे असतात त्याच. कारभार जमेल तितका निर्वासितांच्या हाती द्यावा. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. शाळा, चर्च, स्काउट, दुकानं सगळं ती माणसं स्वतः चालवत होती, आणि करवीरकरांचं त्यात काही बिघडलं नाही. कॉक्स बझारलाही २०१८ पासून काही छावण्यांत माझींऐवजी निवडून आलेल्या समित्या बसल्या, त्यांत बायका आल्या. आणि आपली खुर्ची कुणाला द्यायची, हे प्रमुखाने पहिल्या वर्षीच ठरवून ठेवावं. यात नवं काही नाही, मला ठाऊक आहे.

मी माझी खुर्ची एका चितगावी मुलीला दिली. शेवटचे सहा महिने मी तिच्या शेजारी बसून फक्त चहा प्यायलो. निधी देणाऱ्यांनी विचारलं, तुमचा नेमका उपयोग काय. (पुण्याच्या वक्त्यांशी त्यांची भेट घालून द्यायला हवी होती.) २०२३ च्या मेअखेरीस तिचा फोन आला. मार्चमध्ये माणशी महिन्याचा शिधा बारा डॉलरवरून दहावर आला होता, आता जूनपासून आठवर आणायचं ठरलं होतं. आठ डॉलर म्हणजे ८४० टका, दिवसाला २८. "भाई, हे माझींकरवी कळवू की मी जाऊन सांगू?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती गेली. बायकांना एका झोपडीत बसवून तिने तोंडाने सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका म्हातारीने विचारलं, "आणि पुढच्या महिन्यात?" तिच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं. म्हातारीने तिला पान दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिची सीआयसींकडे बैठक होती.