चिठ्ठी डॉक्टरांची, हुकूम कंपनीचा

औषधाच्या बाजारात माल निवडणारा पैसे देत नाही आणि पैसे देणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो. चिठ्ठीवर जे नाव असेल त्याचे दाम रोगी मुकाट्याने मोजतो. साहजिकच कंपन्यांचा डोळा असतो तो डॉक्टरांच्या लेखणीवर. या लेखणीचा भाव काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या प्राप्तिकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची जंत्रीच दिली: सोन्याची नाणी, लॅपटॉप, फ्रिज, परदेशवाऱ्या. हा खर्च अखेर औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो, असेही न्यायालयाने बजावले. म्हणजे डॉक्टरांच्या घरातील फ्रिजचे पैसे तापाने फणफणलेल्या मजुराने भरावयाचे!

भेटवस्तूने आपले मत बदलत नाही, असे कित्येक डॉक्टर प्रामाणिकपणे मानतात. मग पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या एवढे दानशूर का होतात?

हा रोग जुनाच. औषधे मूळ नावाने विकावीत, बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, अशा शिफारशी हाथी समितीने १९७५ सालीच केल्या होत्या. राष्ट्रीयीकरण बासनात गेले. डिसेंबर २००९ मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांना भेटी घेण्यास बंदी केली. पण तिचा अंमल डॉक्टरांपुरताच, देणारी कंपनी मोकळीच राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने औषध लिहिण्याची सक्ती झाली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही झाली. जेनेरिक औषधांच्या दर्जाविषयी डॉक्टरांनी घेतलेली शंका सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु तिच्यावर उपाय औषध-तपासणीची यंत्रणा बळकट करणे हा आहे, ब्रँडची गुलामी हा नव्हे.

मार्च २०२४ मध्ये भेटी व सहलींना मनाई करणारी नवी संहिता सरकारने काढली. तक्रार ऐकणार कोण? औषध-उत्पादकांच्या संघटनांनीच नेमलेल्या नीतिसमित्या! जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्या हाती देणे याहून वेगळे काय असते?

या व्यवहाराची खरी माहिती ज्यांना आहे ते वैद्यकीय प्रतिनिधी. विक्रीचा ठरलेला आकडा गाठला नाही तर नोकरीवर गदा येते, म्हणून हाच कामगार बॅग घेऊन दवाखान्याबाहेर तासन्‌तास तिष्ठतो. त्यांच्याच अखिल भारतीय महासंघाने कंपन्यांच्या या लाचखोरीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि संहितेला कायद्याचे बळ हवे, अशी मागणी केली. डॉक्टरांच्या संघटनांनी या याचिकेमागे उभे राहावयास कोणाची हरकत होती?