कळांची कंजुषी
गोल्फमध्ये कमी फटक्यांत जिंकतात, विमगोल्फमध्ये कमी कळा दाबून. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेल्या विम या टेक्स्ट एडिटरवरचा हा खेळ: विस्कटलेला मजकूर हातात, नीटनेटका समोर, पहिल्याचा दुसरा करायचा. वरची ओळ खाली न्यायचीय? डी-डी-पी, तीन कळा. शेजारची अक्षरं उलटली असतील तर एक्स-पी, दोनच. खरी कंजुषी दिसते ती बाहेर पडताना, कारण फाइल सेव्ह करून बंद करण्याच्या कळाही हिशेबात धरतात. कोलन-डब्ल्यू-क्यू-एंटर म्हणजे चार. कॅपिटल झेड दोनदा म्हणजे दोनच! एका कळेसाठी अख्खी संध्याकाळ घालवणं हा व्यवहारात शुद्ध वेडेपणा, पण विमच्या अडगळीतल्या कितीतरी कमांड लोक याच नादात शिकतात. मॅन्युअल एरवी वाचतं कोण?