अंदमानला जावे, पण केव्हा?

एप्रिल उजाडला की इंदुरातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, मे महिन्यात मुलांना घेऊन अंदमानला जातोय, कोणती औषधे बरोबर ठेवू?" सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी मुलांना दाखवावी, ही मराठी पालकांची इच्छा स्तुत्यच आहे. माझा आक्षेप आहे तो मुहूर्ताला.

नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, साधारण २२ मेच्या सुमारास, अंदमानात पोहोचतो. त्यापूर्वीचे दिवस दमट उकाड्याचे. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. म्हणजे दिवाळीची सुटीही भरवशाची नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीप, बेटावर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. नौदलाच्या जहाजांनी त्यांची सुटका केली. बोटी थांबल्या की मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे राहते. अशा वेळी जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या तान्ह्या बाळाचे काय होईल, हे व्यवसायबंधूंना सांगायला नको.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत समुद्र बहुधा शांत, पाऊस तुरळक. "पण शाळा?" प्राथमिक वर्गातील मुलाचा एक आठवडा बुडाला तर त्याचे आयुष्य बुडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तेव्हाही ऊन कडक असते. सकाळी दहापूर्वी व दुपारी चारनंतरच किनारा, डोक्यावर टोपी आणि सोबत ओआरएसची पाकिटे, हे पथ्य पाळावे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर एक वर्ष थांबावे. बेटे कुठे जात नाहीत.