दोला, डोली आणि दत्तशिखर

दत्तजयंती समीप आली की गिरनारच्या वाटेविषयी आमच्याकडे पृच्छा सुरू होते. पूर्वी भाविक विचारीत, ‘पायऱ्या किती?’ आता विचारतात, ‘पाळण्याने गेल्यास पुण्य उणावते काय?’

या पाळण्याचे कूळ मोठे गमतीचे आहे. १९३६ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे, बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांना डोंगरावर नेण्यासाठी दोराला टांगलेल्या खुर्च्या प्रथम फिरू लागल्या. जेम्स करन या अभियंत्यास ती युक्ती सुचली जहाजात केळीचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून. आकड्याला घडाऐवजी खुर्ची लावली, इतकेच! नैवेद्याचे फळ आधी चढले, भक्त मागाहून. गिरनारवर खुर्चीच्या जागी बंद डबा आहे; तत्त्व तेच, अखंड फिरणारा दोर. २०२० च्या नवरात्रात, २४ ऑक्टोबरला, पायथ्यापासून अंबाजीपर्यंतचा हा सुमारे सव्वादोन किलोमीटरचा मार्ग खुला झाला.

‘यात्रा’ शब्दातील ‘या’ धातूचा अर्थ जाणे; पायांनीच जावे असे त्यात कोठे आहे? शिवाय पाळण्याला नाके मुरडणाऱ्यांनी डोली आठवावी. संस्कृत ‘दोला’ म्हणजे झोका, त्यातूनच ‘डोली’ आली. पायथ्याशी यात्रेकरूचे वजन करून दर ठरे, आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून शिखर गाठले जाई. त्या पुण्याचा हिशेब कोणी विचारला नाही. गुडघे थकलेल्या मातेला दोराने अंबामातेचे दर्शन घडत असेल, तर आम्हांस त्यात न्यून दिसत नाही.

आमचे दुःख निराळे आहे. ज्या खांद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वृद्धांना वर नेले, त्यांच्या भाकरीचे काय? दोर ओढणाऱ्या यंत्राला भूक नसते. या मार्गाच्या उत्पन्नातून डोलीवाल्यांच्या मुलांना प्रथम काम मिळावे, ही मागणी भाविकांनीच केली पाहिजे. देणगीपेटीत टाकण्याइतकेच ते आपले कर्तव्य आहे.

धडधाकट तरुणांनी मात्र पायथ्याशी रांगेत उभे राहू नये. आम्ही पंचविशीत मध्यरात्री निघालो होतो. काठीचा आवाज आणि नामस्मरण यांची लय जुळली, ती आजही कीर्तनात उपयोगी पडते.

आणि पाळणा अंबाजीलाच थांबतो. सुमारे दहा हजार पायऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या तेथून पुढे उरतात: गोरखनाथांचे शिखर, मग उतार, पुन्हा चढ, तेव्हा दत्तपादुका. तेथवर अद्याप दोर गेलेला नाही.