दोन फड

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई या गावाला ‘फड’ हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक फड तमाशाचा, दुसरा उसाचा. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतात. साधारण त्याच सुमाराला साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, पाथर्डी, चाळीसगावकडच्या टोळ्या घोड नदीच्या या पट्ट्यात उसाच्या फडात उतरतात. दोघंही बाहेरगावचे, दोघंही कित्येक महिने घर सोडून आलेले, दोघांचीही वस्ती गावाबाहेर. एकाची राहुटी, दुसऱ्याची कोपी. पण पहिल्याचं ऐकायला गाव तिकीट काढून बसतं, आणि दुसऱ्याला गाव नावानेही ओळखत नाही. त्याचा हिशेब कोयत्यात होतो: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाला हत्याराच्या नावाने, आणि तेही अपूर्णांकात मोजणारी ही भाषा आपलीच आहे. मराठीच्या प्रेमापोटी चालणाऱ्या वार्तापत्रात हे एकदा लिहून ठेवायला हरकत नाही.

कवठ्याची आठवण काढायचं कारण मात्र परदेशातल्या आपल्या या शहरातलंच आहे. निर्वासितांनी आणि स्थलांतरितांनी स्थानिक लोकांपुढे बसून आपली जीवनकहाणी सांगावी, असे कार्यक्रम आता गावोगावच्या ग्रंथालयांत होतात; २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाच्या आसपास तर हमखास. २००० साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘मानवी ग्रंथालया’त पुस्तकाऐवजी माणूसच वाचायला मिळू लागला, आणि ती कल्पना जगभर गेली. ‘स्थलांतरित’ या यादीत आपणही बसतो, म्हणून मराठी मंडळांनाही बोलावणं येतं. आपण आनंदाने जातो. पहिला हिवाळा, बॅगेतला गोडा मसाला, मग नोकरी, घर, मुलांची शाळा असा ठरलेला रस्ता धरून गोष्ट सांगतो, टाळ्या घेतो आणि चहा पिऊन परततो. सांगितलं की ऐकलं जातं आणि ऐकलं की जवळीक होते, असं या कार्यक्रमांमागचं गृहीतक आहे. ते अर्धवट आहे असं आमचं मत आहे. ऐकणाऱ्याने स्वतःची गोष्ट समोर ठेवली नाही तर सांगणाऱ्याची गोष्ट हा एक प्रयोगच राहतो, आणि प्रयोग संपला की तंबू उठतो.

तमाशाचाच दाखला घ्या. कवठे येमाईचे लोकशाहीर बी. के. मोमीन यांनी आयुष्यभर फडांसाठी वग आणि गाणी लिहिली. गावाचं नाव त्यांनी आडनावासारखं लावलं आणि ‘मोमीन कवठेकर’ म्हणूनच ते ओळखले गेले. देवीच्या नावाच्या गावातला हा मुसलमान शाहीर. त्यांना २०१८ सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्यांची लेखणी घेऊन फड परगावी गेले आणि हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवर लोकांना त्यांच्याच तोंडावर चार शब्द सुनावून आले. पाहुण्याला एवढी मुभा दुसरं कोणतं व्यासपीठ देतं? पण ही मुभा राजाच्या, प्रधानाच्या, मावशीच्या तोंडून बोलायची होती. स्वतःच्या तोंडून बोलायची नव्हती. ज्यांच्या नावाने तो पुरस्कार आहे त्या तमाशा कलावंत विठाबाईंनी खेळ चालू असताना राहुटीत जाऊन मूल जन्माला घातलं आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आज कौतुकाने सांगितली जाते. तिकिटाच्या पैशांत वग मिळत होता. राहुटीतलं बाळंतपण त्यात धरलेलं नव्हतं. म्हणजे गर्दी आहे, कान आहेत, दादही आहे, तरी आलेल्या माणसाची गोष्ट गावाला कळली असं होत नाही.

छापील गोष्टीचंही तेच. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे भटक्या जमातीतल्या आयुष्याचं आत्मकथन १९८० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या नावातच आपला विषय आहे. मराठी वाचकाने ते मनापासून वाचलं, तो रडला, ते अभ्यासक्रमाला लागलं. त्यामुळे मराठी साहित्य बदललं, हे निर्विवाद. पण गावाच्या कडेला पडलेल्या पालाकडे पाहण्याची दृष्टी तेवढ्याच वेगाने बदलली असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पुस्तक मिटता येतं. ते उलटून आपल्याला काही विचारत नाही. उसाच्या फडातही तेच. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे बाहेर आलं ते बातम्यांतून आणि सरकारी पाहणीतून. या बाया वर्षाचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांच्या शिवारात राहत होत्या. गावातल्या बाया भरतात त्याच विहिरीवर, त्याच टाकीवर पाणी भरत होत्या. तिथे ही गोष्ट निघाली नाही, कारण तिथे त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आलेल्या माणसाने आपली गोष्ट सांगण्याची आपल्याकडची सगळ्यांत जुनी पद्धत पाहिली तर हा ‘आधी काही सांगण्याचा’ मुद्दा नीट कळतो. लग्न होऊन सासरी आलेली प्रत्येक बाई ही परगावची. तिने आपलं माहेर, भाऊ, सासुरवास जात्यावर सांगितला, आणि जात्याला बहुधा दोघी लागतात. एकीने ओवी म्हटली की दुसरी आपली घालणार. हेमा राइरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरुवात करून हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या; पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने २०१७ पासून त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. कवठ्याच्या शेजारच्या सविंदण्याच्या ओव्याही त्यांत आहेत. त्या ऐकताना जाणवतं की कोण कोणाला सांगतंय हे सांगता येत नाही. खुंटा दोघींच्या हातात, दळण दोघींचं. हे चित्र फार रंगवायला नको, हेही खरं. जात्यापाशी जात सुटत नव्हती. समोरची बहुधा जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण. बीडच्या वंजारी वा बंजारा बाईला कवठ्यातल्या कुणब्याच्या जात्यावर जागा मिळाली असती का, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आणि आता तर गिरणी आहे. पण सांगण्याची ती रीत, कामात, तुकड्यातुकड्याने, आणि दोन्ही बाजूंनी, घेण्यासारखी आहे.

ही देवघेव झाली नाही तर काय होतं, ते शिरूर-दौंड पट्ट्यात सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे. धरण बांधलं की वरची गावं बुडतात आणि खालची भिजतात. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने ठरवलं, की ज्याला कालव्याचं पाणी मिळणार त्याने ठरावीक मर्यादेवरची काही जमीन बुडालेल्यांसाठी द्यायची. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. वरसगाव, चासकमान अशा धरणांची गावं उठली आणि मावळ-खेडच्या डोंगरातली माणसं पूर्वेकडच्या या सपाटीवर आली. भात लावणारे हात ज्वारीच्या रानात आले. त्यांची गोष्ट मोठी आहे: देव बुडाले, स्मशान बुडालं, सोयरीक तुटली. पण ज्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा बसला, त्याचीही एक गोष्ट आहे. जमीन विकता येत नाही, वाटण्या अडतात, तलाठ्याकडचे खेटे संपत नाहीत, आणि पाण्याची वाट पाहण्यात वर्षं जातात. दोघांनाही एकाच कागदाने घायाळ केलेलं, पण दोघांची गाठ पडली ती मोजणीच्या दिवशी आणि कोर्टाच्या पायरीवर. धरणग्रस्त म्हणतो, यांना पाणी मिळालं. मूळ शेतकरी म्हणतो, यांना आमची जमीन मिळाली. दोघंही खरं बोलतात. अशा ठिकाणी फक्त विस्थापितांना मंचावर बसवून गाववाल्यांना समोर सतरंजीवर बसवलं, तर टाळ्यांऐवजी पुटपुट ऐकू येईल, आणि ती पुटपुट आपल्याला कळली पाहिजे.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या जखमेशेजारी यजमानाची ठेच ठेवायची, आणि दोन्ही सारख्याच म्हणायच्या? तसं कोणी म्हणत नाही. दुःखं तराजूत घालायची असतील तर हा खेळ सुरूच करू नये. पण बंद पडलेल्या गिरणीच्या गावातला इथला म्हातारा, ज्याची मुलं शहरात गेली आणि परतली नाहीत, त्याच्याजवळही स्थलांतराची गोष्ट आहे, मागे राहिलेल्याची. ती कोणी विचारत नाही, म्हणून तो आलेल्यांवर रागावतो. दुसरा आक्षेप असा, की गोष्टींनी पोट भरत नाही, हक्क हवेत. मान्यच. ऊसतोडीचा दर संपाने आणि करारानेच वाढलेला आहे, कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याने वाढलेला नाही. पण टोळीतल्या पोराला गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसवून घ्यायचं की नाही, रात्री अडलेल्या बाईला आरोग्य केंद्रापर्यंत गाडी कोणाची, हे करारात येत नाही; ते गावच ठरवतं. आणि ज्याला आपली गोष्ट सांगायचीच नाही, त्याचं काय? त्याला गप्प बसू द्यावं. निर्वासिताने व्हिसासाठी, वकिलासाठी, अधिकाऱ्यासाठी तीच कहाणी कितीदा सांगितलेली असते; ग्रंथालयातल्या शनिवारसाठी पुन्हा सांगायची सक्ती कशाला? उलट यजमानाने आधी बोलायला घेतलं तर त्याला नुसतं ऐकून घरी जायची तरी सोय होते.

कार्यक्रमाशिवायही ही देवघेव होऊ शकते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून सुटून आलेली. त्या छावणीची आठवण कोल्हापूर आणि पोलंड अशा दोन्ही ठिकाणी टिकून आहे. तिथे जीवनकहाण्यांचे कार्यक्रम झाले म्हणून ती टिकली असं काही दिसत नाही. बाजारहाट, भाजीचा भाव, कामाला येणारी माणसं यांतून रोजचं येणं-जाणं होतं, आणि त्यात बोलणं निघत गेलं असणार.

तेव्हा आपल्या मंडळाने या वर्षी ग्रंथालयाचं बोलावणं घेताना एक अट घालावी, असं कार्यकारिणीला सुचवलं आहे. आपल्यातला एक बोलेल, त्याच्या शेजारी इथलाच जन्मलेला एक बोलेल, आणि पत्रकावर दोघांची नावं एकाच आकारात छापली जातील. आपल्या बाजूने बोलणारा माणूस संगणकवालाच असायला हवा असंही नाही. स्वयंपाकघरात राबणारे, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारे मराठी लोकही या शहरात आहेत, आणि मंडळाच्या गणपतीत ते जेवणाच्या रांगेतच अधिक दिसतात. स्थानिक वक्ता अजून ठरलेला नाही. तो ठरला की तारीख कळवू.