पाणी कोठें जावें?

खानदेशांत पाऊस येतो थोडा आणि वाट पाहावयास लावतो फार. धुळ्याच्या वांट्यास वर्षाकाठीं सुमारें 600 मिलिमीटर येतो, जळगांवच्या वांट्यास त्याहून कांहींसा अधिक. अशा मुलखांत एक जोराची सर कोसळतांच गल्लीचा ओढा व्हावा, तळमजल्यांत पाणी शिरावें, आणि त्याच घरांतील माणसांनीं वैशाखांत टँकरकडे डोळे लावून बसावें, ह्यास काय म्हणावें? महापालिकेचे अधिकारी ह्यास 'अतिवृष्टी' म्हणतात. सुशिक्षित नागरिक 'पालिकेचा नालायकपणा' म्हणतात. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अपुरें आहे. आणि दुसरा पक्ष आमचा स्वतःचा असल्यामुळें त्याचाच समाचार अधिक कठोरपणें घेणें आम्हांस भाग आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. नदीचा पूर निराळा आणि रस्त्यावरचा पूर निराळा. पांझरा साक्री तालुक्यांतील डोंगरांत उगम पावते. तिकडे मुसळधार झाली म्हणजे ती धुळ्यास कांठ सोडते. 1872 सालीं तिनें धुळ्यांत मोठा अनर्थ केला. 2019 च्या ऑगस्टांतही तिनें शहरास आपल्या बळाची आठवण करून दिली. हा पूर वरून येतो. परंतु चौकांत गुडघाभर साचणारें पाणी कोणत्याही डोंगरांतून येत नाहीं. तें त्याच वस्तीच्या छपरांवर आणि अंगणांत जन्मतें. हिशेब साधा आहे. एक एकर जागेवर एक इंच पाऊस पडला तर 1 लाख लिटरहून अधिक पाणी होतें. तें मुरलें नाहीं तर वाहणार, आणि वाहावयास वाट नसेल तर साचणार. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पहिलें पाणी घटाघटा पिते; पुढें ती फुगते, भेगा मिटतात आणि तीही पाणी नाकारूं लागते. असें उरलेलें पाणी पूर्वीं नाल्याकडे जाई. आज जमिनीवर काँक्रीट आहे आणि नाल्यावर घरें आहेत.

हें पाप आमच्याच दोन शहरांचें नव्हे. 26 जुलै 2005 रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो कोणत्याही गटारास झेपला नसता, हें खरें. पण मिठी नदीचें पात्र आवळून तिचें गटार कोणीं केलें होतें? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीं पुण्यांत आंबिल ओढ्यानें आपली जुनी वाट माणसांचे बळी घेऊन परत मागितली. जळगांवांत लेंडी नाल्याच्या कांठीं घटकाभर उभें राहणारास ह्या कथेचा पुढील अध्याय आपोआप सुचेल.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगतों. आमच्या वसाहतीमागून एक नाला वाहत असे. उन्हाळ्यांत तो डासांचें माहेरघर होई. तो झांकून टाकावा, म्हणजे वर गाड्या उभ्या करण्यास जागा होईल, असा अर्ज रहिवाशांनीं केला. त्यावरील दुसरी सही आमची होती, आणि अर्जाची भाषाही आमचीच होती. नाला झांकला गेला. तिसऱ्या पावसाळ्यांत त्याचें तोंड कचऱ्यानें तुंबलें, पाणी रस्त्यावर चढलें, आणि आमच्या ग्रंथांच्या खालच्या दोन फळ्यांचा लगदा झाला. आम्हीं रागानें तक्रार लिहावयास घेतली, तों पहिल्याच वाक्याशीं लेखणी अडली. कारण तेंच पाणी पुढें उताराखालच्या झोपड्यांत शिरलें होतें. तेथील कुटुंबांचें पीठ, अंथरूण आणि मुलांचीं दप्तरें गेलीं होतीं. आमच्या सहीची किंमत त्यांनीं दिली.

कोणी म्हणेल, उपाय सोपा आहे. मोठीं गटारें बांधा. गटारें हवींतच. परंतु मुंबईचीं जुनीं गटारें तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलीं होतीं, आणि पाऊस तो हिशेब वाचून पडत नाहीं. शिवाय गटार पाणी नाहींसें करीत नाहीं. तें फक्त शेजाऱ्याच्या दारांत नेऊन घालतें. जेथें आकाशांतून बर्फ पडतें तेथें हा भ्रम टिकत नाहीं. कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरास रस्त्यांवरचें बर्फ गाड्यांत भरून नेमलेल्या जागीं नेऊन टाकावें लागतें. ती जागा आधींच राखावी लागते, आणि वितळल्यावर होणारें मळकें पाणी कोठें जाईल ह्याचाही विचार करावा लागतो. बर्फ समोर ढीग होऊन बसतें, म्हणून त्यास जागा मिळते. पाणी मात्र 'जाईल कोठें तरी' असें आम्ही समजतों.

हा धडा कॅनडाकडून घ्यावा लागणें ही खानदेशास शरमेची गोष्ट आहे. ह्याच पांझरेच्या कांठीं फडपद्धत शतकानुशतकें चालत आली. बंधाऱ्यानें अडविलेलें पाणी पाटानें फडाफडांत फिरे, पाटकरी तें नेमानें वांटी, आणि अधिक झालेलें पाणी सांडींतून नाल्यास परत जाई. पाणी घेणें आणि पाणी सोडणें हीं एकाच व्यवस्थेचीं दोन अंगें आहेत, हें त्या शेतकऱ्यांस ठाऊक होतें. विश्वेश्वरय्यांनीं 1884 सालीं नोकरींत शिरल्यावर आरंभींची उमेदवारी ह्याच खानदेशांत केली. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादनें त्यांस बोलाविलें, तेव्हां शहराच्या वर पाण्यास थांबावयास जागा करा, असा सल्ला त्यांनीं दिला. उस्मानसागर आणि हिमायतसागर हीं त्याचीं फळें होत.

तेव्हां आमचें मागणें एवढेंच. प्रत्येक नाल्याची हद्द नकाशावर आणि जमिनीवरही आंखावी, व तींत कोणाचेंही, विशेषतः वजनदार माणसाचें, बांधकाम राहूं देऊं नये. नाल्यांतून ज्या गरिबांस उठवावयाचें, त्यांस आधीं दुसरें घर द्यावें. बागा आणि मैदानें रस्त्याहून सखल ठेवावींत. आणि आम्हां सुशिक्षितांनीं अंगणांतली फरशी थोडी उखडावी. हजार चौरस फुटांच्या छपरावर धुळ्यासारख्या गांवींही वर्षांत 50 हजार लिटरांहून अधिक पाणी पडतें. तें गटारांत घालविणारास टँकरच्या नांवानें ओरडण्याचा अधिकार कसला?

पुढचा अर्ज लिहिण्याची वेळ येईल तेव्हां भाषा पुन्हां आमचीच असेल. मात्र त्यांत नाला उघडा करण्याची मागणी असेल, आणि ह्या खेपेस पहिली सही आमची असेल.